झिपरू पेंटरचा उन्हाळा

देवाने सहा ऋतूंसाठी आख्खे वर्ष घेतले. झिपरू पेंटरने ते एका सभामंडपात बसवले! दोंडाईच्याच्या या भल्या माणसाने दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरले, आणि बागा, नद्या, आमराया रंगवून जीव भरला. त्याचा नेम एकच. काढलेले चित्र पुसायचे नाही. कोणी टोकले की म्हणे, "देव काढेल झाड खोडस का? मंग मी कसाले खोडू?"

सत्त्याऐंशीच्या वैशाखात सावद्याजवळच्या आमच्या गावी राममंदिरात नामसप्ताह होता, आणि सभामंडपाच्या सहा भिंतींवर सहा ऋतू काढायला झिपरूला बोलावले होते. झिपरूने पाच भिंती जिंकल्या. वसंतात आंबा मोहरला, वर्षेत नदी फुगली, शरदाचे चांदणे तर असे पाझरले की सभामंडप झाडणाऱ्या कुंदाबाईंनी भिंतीला हात लावून ओल चाचपली. उरला ग्रीष्म. तिथे त्याने आपल्या दोंडाईच्याचा उन्हाळा ओतला: भेगाळलेली जमीन, उघडी बाभूळ, एक तहानलेला वाटसरू.

पहाटे काकड्याला आलेले गाव थबकले. गाव केळीचे! वैशाखातही आमची शेते गर्द हिरवी, भोवती शेवरीचे कुंपण, पाटाला खळखळते पाणी. मंदिराचे पंच जीवरामनाना पुढे सरसावले. नानांचा बाग गावात सर्वांत मोठा, आणि त्याच्या फाटकाचे कुलूपही. तिथे घोटभर पाणी प्यालेला वाटसरू कोणी पाहिला नव्हता.

"आमच्या केयी वायल्या का रे?" नाना गरजले. "अपशकुन आहे हा! उद्या काल्याआधी मीच चुना फासतो."

"नाना, हाई बठ्ठं खरं शे. आमनाकडे उन्हाळा असाच ऱ्हास."

"मग मंदिर दोंडाईच्याला बांधायचं होतं!"

झिपरूलाही पटले, नानांचे खरे होते. दुसऱ्याच्या गावी त्याने आपल्याच डोळ्यांतला उन्हाळा रंगवला होता. चित्र ठेवावे तर गावाशी खोटे. पुसावे तर नेमाशी.

"काल्या लगून थांबा, नाना. एक बोट पुसाव नही, पन तुमना बाग बी दखाडसू."

भर दुपारी त्याने नानांच्या कुंपणाला सायकलने तीन प्रदक्षिणा घातल्या आणि तडक शिडी चढला.

काल्याच्या सकाळी गाव लोटले. भेगाळल्या जमिनीच्या टोकाला आता बांध उभा होता. बांधापलीकडे वाऱ्याने फाटलेली हिरवी पाने, लोंबते घड. आणि बांधावर एक धोतर-टोपीवाला पुण्यात्मा त्याच वाटसरूच्या ओंजळीत तांब्याने पाणी ओतत होता, प्रसन्न हसत. चेहरा नानांचा. नाकाशेजारचा चामखीळसुद्धा!

"अगं बाई, नाना पाणी पाजताहेत!" कुंदाबाईंनी भिंतीलाच हात जोडले. "धन्य झाले हो डोळे. जित्या नानांचं असं दर्शन कधी घडलं नव्हतं!"

सभामंडप हसून हसून कोसळायचा राहिला. नाना चुन्याची बादली घेऊन उभे. झिपरूने नम्रपणे कुंचला पुढे केला.

"ल्या, नाना. पयले कोनले पुसशात? वाटसरूले, का तुमले?"

आपल्याच पुण्यावर आपल्याच हाताने चुना कोण फासील? बादली हळूच खाली टेकली.

पण भिंतीवरचे नाना खऱ्या नानांना सोडीनात. येणारा जाणारा फाटकाशी थांबून विचारी, "नाना, देवळात पाणी देता, इथं कुलूप?" तिसऱ्या दिवशी कुलूप निघाले, शेवरीच्या सावलीत रांजण आला. तो नाना स्वतः भरीत, पुटपुटत भरीत, पण भरीत!

पुढच्या वैशाखात झिपरू त्या रांजणाशी ओंजळ धरून बसला. नानांनी तांब्या कलंडला. पोटभर पिऊन त्याने वर पाहिले.

"पानी गोड शे, नाना. पन जरा हासा ना. भीतवर तुम्ही हासतस!"

नानांनी दात आवळले. मग, रामाची शपथ, हसले.