हत्तीचा डावा कान

कोपनहेगनच्या एका मीनाकामाच्या कारखान्यात आस्ता ब्रून चाळीस वर्षं बसली आणि त्यातली एकोणीस वर्षं एकाच गोष्टीवर तिने मिरवून घेतलं. राजाच्या सर्वांत मोठ्या सन्मानाचं पदक म्हणजे एक छोटा हत्ती, सोन्याचा, वर पांढरा मीना. ऐनवेळी त्याचा कान भट्टीत तडकला आणि आस्ताने तो दुपारभरात असा जुळवला की सांधा शोधून सापडू नये! राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी फासता फासता प्रत्येक नव्या कारागिराला तिने ही फुशारकी ऐकवली होती.

खरं वेगळंच होतं. पुन्हा भट्टीत घातला तर अख्खा हत्ती हातचा जाईल, या भीतीने तिने तडा पांढऱ्या रोगणाने बुजवला होता. मालक होल्गर यांनी भिंगातून पाहून नुसतं "ठीक" म्हटलं, आणि हत्ती राजवाड्यात गेला.

पण हे हत्ती कुणाचे कायमचे होत नाहीत. मानकरी वारला की घरचे तो परत करतात आणि पुढच्या मानकऱ्याआधी तो साफसफाईला कारखान्यात येतो. आस्ताच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते, तेव्हा मालकांनी एक डबी तिच्या मेजावर ठेवली. "आस्ताबाई, हा तुम्हीच करा."

तिने उघडली. डाव्या कानामागे किडक्या दातासारखा पिवळा डाग. मीना पिवळा पडत नाही, रोगण पडतं. खरवडून गुपचूप निस्तरावं, कोण बघतंय?

शेजारच्या मेजावरच्या लिस्बेतने मान लांब केली. "अगंबाई, हाच का तो? दाखवा की तुमचा सांधा!"

आस्ता डबी मिटून थेट मालकांकडे गेली. "मालक, मी फसवलं तुम्हाला. ते रोगण होतं."

"माहितीये," मालक कॉफी ढवळत म्हणाले. "भिंग काय शोभेला ठेवलंय? त्या दिवशी दाराशी राजवाड्याची गाडी उभी होती, मीही तोंड शिवून बसलो. वाटलं, आज ना उद्या तुम्हीच येऊन सांगाल."

त्या कानानंतर आजवर तिच्या मेजावर एकही हत्ती आला नव्हता, नुसते खालच्या सन्मानांचे क्रूस. क्रूसाचं काम जास्त नाजूक, म्हणून मालक ते आपल्यालाच देतात, असं ती जगाला सांगत आली होती. आता तिला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

ती परत आली, डबी उघडली आणि भिंग लिस्बेतच्या हातात दिलं.

"डाव्या कानामागं बघ. आणि काय दिसतं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

लिस्बेतने बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं, बाकीच्यांनी माना वळवायच्या आत डबी मिटली आणि आपल्या कामाला लागली.