बाई, ऑफसाइड!

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. उलट दुकानाच्या पाटीवरच ते नाव घालावं असं एकदा त्याच्या डोक्यात आलं होतं. बायकोनं नाक मुरडलं म्हणून राहिलं. आवाजच तसा होता. गावच्या फुटबॉल क्लबाचं जुनं स्टेडियम होतं तेव्हा पूर्वेकडच्या स्टँडच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभं राहून त्यानं हाक दिली, की पार पलीकडच्या गोलात उभा असलेला गोलकीपर दचकून वर बघायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एका बाजूला तो सोफ्याच्या सांगाड्यावर पट्टे ताणायचा, तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरायचा आणि एकेक काढून हातोडीनं ठोकायचा. दुसऱ्या बाजूला खिडकीपाशी बायको शिलाई मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवायची. लग्न झाल्यापासून दोघांचे दिवस असेच पाठीला पाठ लावून गेले होते. तिचं बोलणं कमी. त्याचं मात्र तोंडात चुका असल्या तरी थांबत नसे. गिऱ्हाईक कापडाचे नमुने बघायला यायचं आणि जुन्या स्टेडियमच्या गोष्टी ऐकत बसून राहायचं.

स्टेडियम पाडून आता बरीच वर्षं झाली होती. त्या जागी फ्लॅट झाले होते, गाड्या लावायला मोठं आवार झालं होतं. क्लबानं गावाबाहेर नवं स्टेडियम बांधलं, पण भोंग्याचा जीव काही तिथं रमेना. "खुर्चीला नंबर, नंबराला माणूस," तो म्हणायचा. "कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही. ही काय मॅच झाली? ही तर डॉक्टरकडची रांग झाली." जुन्या स्टेडियमचं सगळंच त्याला गोड. पत्र्याच्या छपरातून चहाच्या ग्लासात पडणारा गंजाचा भुगा गोड, पायाखाली करकरणाऱ्या फळ्या गोड, अर्धवेळेला मुतारीपुढं होणारी ढकलाढकलीसुद्धा गोड.

आणि एक गोष्ट तर त्याच्या नावावरच होती.

नव्या स्टेडियममध्ये जुन्या आठवणींची एक खोली करायचं क्लबानं ठरवलं. त्या खोलीत ठेवायला जुन्या स्टँडमधलं एक लांबलचक बाक भोंग्याकडं दुरुस्तीला आलं. बाकापाठोपाठ क्लबातली एक तरुण मुलगी कॅमेरा घेऊन आली. जुन्या लोकांच्या आठवणी टिपून ठेवायचं काम तिच्याकडं होतं. भोंग्यानं स्वच्छ शर्ट घातला, बाकावर ऐसपैस बसला आणि सुरू झाला.

"तुमची ती प्रसिद्ध गोष्ट सांगा ना, काका," मुलगी म्हणाली.

"कुठली? ऑफसाइडची?" त्याचा चेहरा खुलला. "ऐका. आमच्या स्टँडच्या मागं एक बोळ होता. तिथं सिमेंटचे मोठमोठे पाइप टाकून ठेवलेले. अर्धवेळ झाली होती, आम्ही सगळे वरच्या पायरीवर, मागच्या कठड्याला टेकून. खाली बघतो तर एक बाई. आली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, छत्री उघडून आडवी धरली आणि पाइपांच्या आड बसली. आता छत्री धरली ती बोळाच्या तोंडाकडं. वर आम्ही शेदोनशे जण उभे आहोत, याचा तिला पत्ताच नाही! मला राहवेना. मी आपला देऊन टाकला आवाज. 'बाईऽऽ, ऑफसाइड!' अहो, सगळा स्टँड फुटला. सगळे एका सुरात, बाई, ऑफसाइड! बिचारी अशी उठली, अशी पळाली, छत्री डोक्यावर घेऊन! शिट्ट्या काय, टाळ्या काय! आणि लगेच पुढं आपण दोन गोल मारले. तेव्हापासून समोरच्या टीमचा कुणी असा नको त्या जागी, ऑफसाइड सापडला की आपलं पब्लिक तेच ओरडतं. आजही ओरडतं. ते माझं आहे."

मुलगी हसली, पण बेताचंच. भोंग्याला वाटलं, आजकालच्या पोरींना गंमत कळत नाही. तिनं कॅमेरा खिडकीकडं वळवला.

"काकू, तुम्ही कधी गेला होता जुन्या स्टेडियमला?"

बायकोनं मशीन थांबवलं. "एकदा."

"मग? कशी वाटली मॅच?"

"अर्धीच बघितली."

"का हो?"

बायकोनं हातातल्या कव्हराची शिवण बोटानं सारखी केली. "तिथं बायकांना जायला जागा नव्हती," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर वाकली.

मुलगी "ओह" म्हणाली. मग तिनं कॅमेरा खाली घेतला, बाकाचे एकदोन फोटो काढले, पुन्हा एकदा काकूंकडं बघितलं आणि निरोप घेतला.

भोंगा बाकावरच बसून राहिला. एकदा. हो, लग्न नवंनवं होतं तेव्हा त्यानंच हट्टानं नेलं होतं तिला. वरच्या पायरीवर शिव्यागाळी चालते म्हणून खाली, त्याचा एक रंगारी मित्र होता, त्याच्या आईशेजारी तिला बसवलं होतं आणि स्वतः वर गेला होता. मॅच संपल्यावर रंगाऱ्याची आई म्हणाली, डोकं दुखतंय म्हणून ती मधेच घरी गेली. त्यानंतर तिनं कधी स्टेडियमचं नाव काढलं नाही. "आमच्या हिला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही," असं तो सगळ्यांना सांगत आला होता. ती मॅच कुठली होती, हे तो आठवायला लागला. आठवायला वेळ लागला नाही. अर्धवेळेनंतर लगेच दोन गोल मारून आपण जिंकलो होतो.

तो बाकावरून उठला.

"अगं," तो म्हणाला. मशीन चालूच होतं. "अगं, ऐक ना. ती... तू होतीस?"

मशीन थांबलं. तिनं वळून बघितलं नाही.

"पण छत्री तर..." त्याला दुसरं काही सुचेना. "आपल्याकडं तसली छत्री नव्हती."

"शेजारणीची होती."

"मला काय माहीत! मला माहीत असतं तर मी..."

"तर काय? दुसरी कुणी असती तर चाललं असतं?"

बाहेर रस्त्यावर कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तिचा नुसता घरघर आवाज येत होता.

"मी आवाज ओळखला," बायको सावकाश म्हणाली. "एवढ्या लोकांत पहिला आवाज तुमचाच. आधी वाटलं, मला ओळखलंत आणि तरी हसताय. मग वाटलं, ओळखलंच नाहीत. त्यातलं कुठलं बरं, ते मला अजून कळलेलं नाही. कपडे भिजले होते. तशीच चालत घरी आले, धुतले, स्वयंपाक केला. तुम्ही आलात ते नाचतच. आणि आठवतंय का, ती गोष्ट सगळ्यांत आधी कुणाला सांगितलीत?"

त्याला आठवत होतं. दारातूनच बूट काढता काढता त्यानं ती गोष्ट सांगितली होती. छत्री कशी धरली होती, ते लाटणं हातात घेऊन करूनही दाखवलं होतं.

"मी हसलेसुद्धा," ती म्हणाली. "काय करणार होते?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही ती गोष्ट सांगायचं थांबवलं असतंत, आणि का थांबवली म्हणून लोकांनी विचारलं असतं." तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं. "आणि आता कुणाजवळ माझं नाव काढायचं नाही. कुणाजवळच नाही."

त्या दिवशी भोंग्यानं बाकाला एकही खिळा ठोकला नाही. हातोडी घ्यायचा, ठेवून द्यायचा. किती वेळा त्यानं ही गोष्ट सांगितली असेल याच खोलीत, तिच्या पाठीमागं, गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, मुलाच्या सासुरवाडीच्या माणसांना! त्या वेळी तिनं काय केलं असेल? शिवत राहिली असेल. त्यानं कधी वळून बघितलंच नव्हतं. त्याचा सगळा जीव हसणाऱ्या तोंडांकडं.

दुसऱ्या दिवशी तो क्लबाच्या ऑफिसात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला असेल.

"ते माझं रेकॉर्डिंग... तेवढी ऑफसाइडची गोष्ट काढून टाकता येईल का?"

मुलीनं कारण विचारलं नाही. ते त्याला जास्त लागलं. "काढते, काका," ती म्हणाली. "खरं तर मला ती आवडली नव्हती. पण ओरडणं कसं थांबवणार? ते तर सगळ्यांच्या तोंडात बसलंय." तिच्या टेबलामागं उद्घाटनाचा फलक उभा करून ठेवला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत तेच दोन शब्द होते, आणि खाली बारीक अक्षरांत: आपल्या लाडक्या भोंग्याच्या आवाजात, प्रत्यक्ष ऐका!

"हा फलक?"

"सगळीकडं लागलाय," मुलगी म्हणाली.

उद्घाटनाला जाऊ नये असं त्याला वाटत होतं. पण बाक पोचवायचंच होतं, आणि मनात एक होतं. लोकांसमोर जायचं, नाव न घेता सांगून टाकायचं. आपण चुकलो, हे बंद करा म्हणायचं. वाक्यं त्यानं मनातल्या मनात घोळवून ठेवली होती.

खोली माणसांनी गच्च भरली होती. भिंतींवर जुने फोटो, पत्र्याच्या छपराचा एक तुकडा, तिकीटखिडकीचे गंजलेले गज. पांढऱ्या केसांची माणसं फोटोतल्या गर्दीत स्वतःला शोधत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. रंगारी तर बाकाला हात लावून डोळे पुसत होता. "हे बघ, इथं मी खिळ्यानं माझं नाव कोरलं होतं. गेलं रे तुझ्या पॉलिशमध्ये!" एरवी भोंग्यानं त्याला चांगलं सुनावलं असतं. आज तो नुसता हं म्हणाला.

त्याच्या हातात माइक दिला गेला. "याला माइक कशाला!" कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला.

भोंग्यानं घसा साफ केला. "ती गोष्ट," तो म्हणाला, "मी इथून पुढं सांगणार नाही."

"ओऽऽ!" लोकांना ही नवी सुरुवात वाटली. नेहमीपेक्षा भारी.

"नाही, खरंच. ती हसण्यासारखी नव्हती. ती बाई... तिथं बायकांसाठी काही सोयच नव्हती. ती कुणाची तरी..." इथं तो अडला. कुणाची तरी काय म्हणायचं होतं, बायको? म्हणजे कुणाची कुणीच नसती तर चाललं असतं? हा तर तिचाच प्रश्न. चेहरा तापला, कान तापले. तो तसाच तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि त्याचं ते रूप बघून पुढच्या रांगेतल्यांना हसू आवरेना. काय सोंग आणतोय लेकाचा! रंगाऱ्यानंच सुरुवात केली, मायेनं, मित्राला आधार द्यावा तसा. मग सगळी खोली एका सुरात ओरडली. बाईऽऽ, ऑफसाइड! बायकासुद्धा ओरडत होत्या. एक आजीबाई टाळ्या वाजवत होत्या.

भोंग्यानं माइक खाली ठेवला. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी मिठी मारली. या खोलीत कुणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. क्लबातली मुलगी तेवढी दाराशी उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि नजर खाली वळवली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला जे झालं ते सांगितलं.

"म्हणजे हसलेच," ती म्हणाली.

"हसले."

"मला वाटलंच होतं." ती चिडली नव्हती. त्याला वाटलं, चिडावं तिनं, भांडं आदळावं, काहीतरी करावं. तो म्हणाला, "मी आता मॅचला जाणारच नाही कधी." त्यावर तिनं मान उडवली आणि कणीक मळायला घेतली.

पुढं काही आठवडे तो खरंच गेला नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकांशी कापडाच्या भावापलीकडं बोलेना. दिवसभर मात्र काम करता करता सारखा वळून खिडकीकडं बघायचा. तिला पाणी हवंय का, दिवा लावू का, दमलीस का. बायकोनं दोनतीनदा नुसतं नको म्हणून सांगितलं. मग एकदा रंगारी मॅचला न्यायला आला आणि भोंग्यानं गुडघ्याला हात लावला, तशी ती मशीनवरूनच म्हणाली, "येताहेत ते. बूट घालताहेत."

रंगारी बाहेर थांबला. भोंगा तिच्याजवळ गेला. "मला नाही जायचं."

"जा," ती हळू आवाजात म्हणाली. "घरी बसून सारखे माझ्याकडं असे बघत बसता, मला काम सुचत नाही. इतकी वर्षं मी एकटीनं सांभाळलं, तेव्हा शांतता तरी होती. आता तुमचं पडलेलं तोंडही मलाच सांभाळायचं का?"

तो गेला. नंबराच्या खुर्चीवर हात मांडीखाली घेऊन बसला. समोरच्या टीमचा एक जण ऑफसाइड सापडला, तेव्हा सगळं स्टेडियम ओरडलं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, "काय भोंग्या, घसा बसला?" भोंग्यानं हो म्हणून मान हलवली. खालच्या रांगेत एक नवं जोडपं बसलं होतं. मुलगी तोंडाभोवती हात धरून जीव खाऊन ओरडत होती, आणि नवरा कौतुकानं तिच्याकडं बघत होता. भोंगा आपल्या बुटांकडं बघत राहिला.

परत आला तेव्हा बायको कव्हरांच्या घड्या घालत होती.

"जिंकले का?"

"जिंकले."

"मग सांगा की. नाहीतर जेवताना तोंड पाडून बसाल."

त्यानं सांगितलं. पहिला गोल कसा झाला, दुसरा कुणी मारला, गोलकीपरनं शेवटी चेंडू कसा अडवला. बारक्या आवाजात, तिच्यासमोर बसून, तिच्याकडं बघत. लोकांच्या ओरडण्याचं मात्र त्यानं काहीच सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.