भट्टीतला दात

लवंगतेलाचा वास आला, की वडिलांचा परळचा दवाखाना आठवतो. चिनीमातीचे दात ते स्वतः भट्टीत भाजायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमच्या चाळीतल्या एका तरुणाचा पुढचा दात लाठीने तुटला. वडिलांनी नवा बसवला. कडेची निळसर झाक, ओलसर चमक, सगळं हुबेहूब. "डॉक्टर, यातला तुमचा कुठला?" त्याची आई कौतुकाने विचारायची. पुढच्या मोर्चात त्याला गोळी लागली. घरी आणला, तेव्हा ओठ विलगलेले होते. त्याचे स्वतःचे दात वाळून खडूसारखे पांढरे पडले होते. भट्टीतला तेवढा एक अजून ओला दिसत होता. त्याच्या आईने त्यावर बोट ठेवलं. "डॉक्टर, आता कळलं हो, तुमचा कुठला ते." मीही आता दातच घडवते. कुणी हुबेहूब म्हटलं, की माझी मान वर होत नाही.