मालगाडी जाईपर्यंत

दिवा-वसई मार्गावरच्या आमच्या गाडीला वेळापत्रक होतं, पण ते गाडीला कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं. दिवसभरात मोजक्याच फेऱ्या. एक चुकली की पुढची येईपर्यंत माणूस घरी जाऊन, जेवून, चार शब्द भांडून पुन्हा फलाटावर येऊ शकायचा. त्यात ही लाइन खरी मालगाड्यांची. आम्ही माणसं मधल्या मोकळ्या वेळात जाणारी. मागून मालगाडी येत असली की आमची गाडी बाजूच्या रुळावर घ्यायचे आणि ते न संपणारं धूड निघून जाईपर्यंत आम्ही तोंडं पाडून बसायचो. डब्यातले सगळे मालगाडीच्या नावाने बोटं मोडायचे. मी एकटी तिची वाट बघायचे. मालगाडी आली तर आमची गाडी खारबावला अडकायची, आणि खारबावच्या फलाटावर माझी आई उभी असायची.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. माझं माहेर खारबावच्या बाजूचं, सासर अंजूरला. मी वसईत एका चष्म्याच्या दुकानात कामाला होते. सकाळी रिक्षाने अंजूरफाट्याला यायचं आणि भिवंडी रोड स्टेशनवर गाडी पकडायची. हे स्टेशन नावापुरतं भिवंडीचं. भिवंडीला जाणारा रोड तिथून निघतो एवढंच, शहर आणखी पुढे. पण मला शहराशी काय करायचं होतं? माझं सगळं जग त्याच्या उलट्या दिशेला होतं. भिवंडी रोडच्या पुढचं स्टेशन खारबाव. सासर आणि माहेर यांच्यात मधे एकही स्टेशन नाही. तरीही जवळजवळ वर्षभर मी माहेरच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

कारण सांगितलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल. आमच्याकडे कुणाला आलं नाही.

माझ्या भावाच्या हळदीला सासूबाई आल्या होत्या. आमच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. अख्खा गाव मांडवात. अशा वेळी व्याही-विहीण आपणहून पंगतीला जाऊन बसत नाहीत. घरच्या कुणी तरी यायचं, "उठा" म्हणायचं, हाताला धरून पानावर न्यायचं. बाबांना वाटलं भावाने नेलं. भावाला वाटलं बाबांनी नेलं. एकेक पंगत उठत गेली आणि सासूबाई मांडवाच्या कडेला खुर्चीत ताठ बसून राहिल्या. शेवटी पदर सावरून उठल्या आणि उपाशीपोटी घरी आल्या. मी आत नवरीच्या साड्या लावत होते. मला कळलं तेव्हा त्या रिक्षात बसलेल्या होत्या.

लग्न उरकून मी सासरी परतले तेव्हा त्यांनी मला पुढ्यात बसवून सांगितलं, "तुज्या बापाने इथं येवून मना बोलवायला पायजे. तवर त्या घराचा उंबरा ओलांडायचा न्हाय."

हे बाबांच्या कानावर गेलं, तर ते म्हणाले, "मांडव त्यांचाच व्हता. आपल्याच मानसांना काय हात धरून उठवायचं?"

दोघंही आपापल्या जागी खरे. अशा भांडणाला औषध नसतं. नवऱ्याला विचारलं तर तो पेपरात डोकं घालायचा. एरवी पेपर न वाचणारा माणूस तो.

फलाटावर यायची कल्पना आईची. फलाट काही आपल्या घरात मोडत नाही, तो रेल्वेचा, त्याला उंबराही नाही. एका सकाळी गाडी खारबावला थांबली आणि ती समोर उभी. धापा टाकत होती. हातात फडक्यात बांधलेला डबा. "घे," एवढंच म्हणाली, तोवर गाडी हलली. डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. वसईला पोचेपर्यंत मी तो डबा मांडीवर घट्ट धरून बसले. दुपारी उघडला आणि दुकानाच्या मागच्या खोलीत भाकरी खाता खाता रडले. मालकाला सांगितलं, चटणी तिखट आहे.

मग ते रोजचं झालं. सकाळी गाडी थांबायची ती नुसती टेकल्यासारखी. डबा घ्यायचा, एकमेकींचं तोंड बघायचं, संपलं. संध्याकाळी परत येताना मात्र मागून बहुतेक मालगाडी असायची. मी दारातून उतरायचे, आई फलाटाच्या बाकावर सरकून जागा करायची. मालगाडी जाईपर्यंत आमचं राज्य.

काय बोलायचो? काहीही नाही. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जेवलीस का गो? तोंड कवडंसं झालंय." मग म्हशीने किती दूध दिलं, नवीन सुनेला भात मऊ होतो, बाबांचा खोकला. मी दुकानातल्या गमती सांगायचे. एक म्हातारे गृहस्थ स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून नवा घ्यायला आले होते, हे तिला इतकं आवडलं की ते तिने मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. मालगाडी आली की आवाजात काही ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ ती माझा हात हातात घेऊन बसायची. शेवटचा डबा गेला की स्वतःच म्हणायची, "जा, बस आत." मी दांडा धरून वर चढायचे आणि मग ती वळायची.

माझ्याच डब्यात भिवंडीच्या एक खाला असायच्या. त्यांचं घर कोकणी मुसलमानांचं, त्यांच्या यजमानांचे कापडाचे दोन-चार लूम होते, आणि त्या वसईला बाळंतीण मुलीकडे रोज जाऊन-येऊन करायच्या. सुरुवातीला मालगाडीला सगळ्यात जास्त शिव्या त्यांच्या असायच्या. आमचा प्रकार लक्षात आल्यापासून त्यांचा सूर बदलला. खारबावच्या आधीचं कामण स्टेशन सुटलं की म्हणायच्या, "आज मालगाडी आएगी, देखना. मैंने दुआ माँगी है." घरी पोचायला उशीर त्यांनाही व्हायचा, पण माझ्यासाठी त्यांनी तो आनंदाने सोसला.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, माणूस गेलं की त्याच्यासोबतचे सणवार आठवतात. मला तिचा एकही सण आठवत नाही. मला तो बाक आठवतो. घराशी भांडण असताना, उंबऱ्याबाहेर बसून मिळालेली ती आई मला परत हवी आहे. भांडणही परत हवं असेल तर चालेल.

सासूबाईंना हे माहीत होतं का? एका स्वयंपाकघरात दोन बायका वावरतात तिथे परक्या घरचा डबा लपतो कुठे. मी तो रोज घासून फळीवर पालथा घालायचे. त्यांनी कधी विचारलं नाही. एके सकाळी मी डबा पिशवीत टाकायला गेले तर तो जड लागला. उघडून पाहिलं, आत गरम वडे, तांदळाच्या पिठाचे, आमच्याकडे सणाला करतात तसे. सासूबाई चुलीकडे तोंड करून बसलेल्या.

"रिकामं भांडं पाटवू नये कवा," त्या भिंतीला म्हणाल्या.

सकाळी फलाटावर दिलेला तो डबा आईने संध्याकाळी बाकावर उघडून ठेवला. एक वडा मोडला, खाल्ला. "यो तुजे हातचा न्हाय," म्हणाली. मी नाही म्हणून मान हलवली. तिने बाकीचे वडे पुन्हा झाकले आणि त्या दिवशी मालगाडी जायच्या आधीच घरी निघाली. मला राग आला. माझा हक्काचा वेळ होता तो.

त्यानंतरच्या संध्याकाळी गाडी खारबावला शिरली तर फलाटावर आईच्या शेजारी बाबा उभे.

बाबा आणि रेल्वे हे वेगळंच प्रकरण होतं. ही लाइन टाकली तेव्हा आमच्या भातशेतीतून गेली. पैसे मिळाले, ते घरदुरुस्तीत आणि लग्नकार्यात गेले. गावातले सगळे त्या गाडीने जायला लागले तरी बाबा कधी तिच्यात चढले नाहीत. दोन रिक्षा बदलतील, ट्रकवाल्याच्या शेजारी बसतील, पण ही गाडी नाही. आज मात्र धुतलेला शर्ट, टोपी, एका हातात नारळ आणि साडीची पिशवी, दुसऱ्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. जिताडा होता तो, खाडीतला मोठा मासा. आमच्याकडे मोठ्या मानाच्या घरीच नेतात.

माझ्याकडे न बघता त्यांनी आईला विचारलं, "हीच का गाडी?"

"हीच. दुसरी कंची येतेय इथं?" आई म्हणाली.

ते चढले. आई चढली नाही, बोलवायला बापच जातो. तीही माझ्याकडे न बघता बाबांच्या टोपीवरची धूळ झटकत राहिली. खालांनी झटक्यात सरकून जागा केली, "बैठो भाई." बाबा बसले नाहीत. दारातल्या दांड्याला टेकून उभे राहिले, मासा छातीशी धरून. डब्यात वास पसरला, कुणी नाक मुरडलं नाही. माणूस कुठल्या कामाला निघालाय हे आमच्या बाजूच्या लोकांना मासा बघूनच कळतं.

मालगाडी गेली, आम्ही सुटलो. गावाची घरं मागे पडली आणि बाबा दाराबाहेर थोडे वाकले.

"आपला बांध तिथून सुरू," ते म्हणाले. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. ते बोटाने दाखवायला गेले, पण नारळ हातात होता, तो सावरेपर्यंत शेत मागे गेलं.

"दिसला का?" त्यांनी विचारलं.

"दिसला," मी म्हणाले. मला काही दिसलं नव्हतं. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. किती बारीक झाली होती ती.

अंजूरला रिक्षा दाराशी थांबली तेव्हा सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. बाबा अंगणातच थांबले. "विहीनबाय, बोलवायला आलू," म्हणाले. पुढचं त्यांनी गाडीत घोकलेलं असणार, पण ते आठवेना. त्यांनी मासा तेवढा पुढे धरला.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. माशाकडे बघून म्हणाल्या, "ह्याला साफ कोन करनार आता? पाय धुवा, वर या." मग मला, "उभी काय ऱ्हायलीस, चूल पेटव."

स्वयंपाक होईपर्यंत बाबा ओटीवर अवघडून बसले होते. ताटं वाढून झाली तसं मी हाक मारायला निघाले, तर सासूबाईंनी मला हाताने अडवलं. हात पुसून त्या स्वतः बाहेर गेल्या. बाबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा." बाबांनी मान वर केली नाही, पण उठले. नवऱ्याने त्या दिवशी पेपर उघडला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे माहेरी गेलो. सासूबाईंना पहिल्या पानावर बसवलं. हसणं-खिदळणं झालं, भावाची टिंगल झाली, मान-पान झाले. आई दिवसभर चुलीपुढे. मी मदतीला गेले की म्हणायची, "तू बस बाहेर, पाव्हनी तू." जावयाला वाढ, विहिणीला वाढ, शेजारच्या बायका आल्या त्यांना चहा दे. वर्षभर मी ज्या घरासाठी झुरले त्या घरात मी दिवसभर बसून होते आणि आईशी माझं एक अख्खं वाक्य बोलणं झालं नाही. रिक्षात बसताना मी पिशवी आदळूनच ठेवली. मला राग नक्की कशाचा येतोय हे कळत नव्हतं, सगळं तर चांगलं झालं होतं.

आई रिक्षाजवळ आली. माझा पदर नीट केल्यासारखं करत हळूच म्हणाली, "उद्याचे गाडीला येतू."

"आता कशाला? आता घरीच येईन की मी."

"घरी तू सगल्यांची," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी गाडी खारबावला टेकली. मी दारातच उभी होते. ती आली होती. त्या दिवशी तिच्या हातात काहीच नव्हतं, नुसतीच आली होती.