आधी फोन दाखवा

मोखाड्यातल्या माझ्या फॉर्म भरण्याच्या दुकानात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर माझा जीव आहे. अक्षरं मोठी दिसतात, दहाही बोटांनी टाइप करता येतं. फोनवर अंगठ्याने खरडणं मला कधी जमलं नाही. आसपासच्या पाड्यांवरच्या कितीतरी मुलींच्या फॉर्मवर माझाच नंबर असतो, कारण घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर कामाच्या गावी गेलेला असतो. माझ्या फोनवरचं मेसेजचं अॅप कॉम्प्युटरला जोडलेलं आहे; त्यांचे मेसेज मी तिथे वाचते आणि त्यांना सांगते.

गेल्या दिवाळीआधी माझा फोन पडला आणि स्क्रीन गेली. सिमसकट जव्हारला दुरुस्तीला टाकला. पार्ट यायला वेळ लागेल, म्हणाले. मला घोर नव्हता. दुकानात इंटरनेटची वायर होती, मेसेज कॉम्प्युटरवर येत होते.

त्या दिवसांत एक मुलगी रोज डोंगर उतरून यायची. नर्सिंगच्या प्रतीक्षा यादीत तिचं नाव होतं. जागा सुटली की कॉलेज मेसेज करणार होतं. आईबाप नाशिककडे द्राक्षाच्या कामाला गेलेले, ही त्या एका मेसेजसाठी मागे राहिलेली. "बाय, आला का?" एवढंच विचारायची.

आणि एका सकाळी मेसेजच दिसेनात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसती सूचना: तुमचा फोन बरेच दिवस वापरात नाही, म्हणून तुम्हाला बाहेर काढलं आहे; आत यायचं तर फोनने हा चौकोन स्कॅन करा. अरे, फोन नाही म्हणून तर इथे बसले आहे ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वायर चालू, कॉम्प्युटर चालू, मी चालू, आणि जव्हारला टेबलावर पडलेला फुटका फोन आमच्यावर हुकूम चालवतोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. असलं अॅप बनवणाऱ्यांना टेबलाशी बसून काम करणारी माणसं माणसंच वाटत नसावीत.

शेजाऱ्यांच्या फोनवरून कॉलेजला फोन लावत राहिले, कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी पार्ट बसवून फोन तयार झाल्याचं कळलं, तशी मुलीला घेऊन जीपने जव्हार गाठलं. दुकानाच्या पायरीवरच फोन सुरू केला. मेसेज आदल्या दिवशीच आला होता. त्याच संध्याकाळपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला.

पुन्हा कॉलेजला फोन लावला. या वेळी उचलला.

"मेसेज केला होता की मॅडम. बघितला नाही का? जागा दिली आता पुढच्या मुलीला."

भर रस्त्यात मी त्या कधी न पाहिलेल्या अॅपवाल्यांना वाट्टेल ते बोलले. रोज "नाही आला गं" असं त्या पोरीला सांगणारी मीच होते, याची लाजही त्या रागात होती. ती रडली नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाय, तुमी नका वायीट वाटून घेव."

मग तिने विचारलं, नाशिकची गाडी किती वाजता आहे. द्राक्षाच्या बागेत आईबापाला हातभार लावायला आता ती मोकळी होती.