नाव टाकलेली टाकी

आमच्या धाड गावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात सुटकेस होती आणि आईच्या हातात गोणपाटात बांधलेली भांडी. ताट, दोन वाट्या, पेला, पातेलं. आदल्या बाजाराच्या दिवशी तिने नावं कोरणाऱ्याला गाठून प्रत्येकावर ‘कु. वर्षा’ टाकून आणलं होतं. सांडशीवर जागा नव्हती, तिथे नुसता ‘व’. बाबा म्हणाले, पोरगी शिकायला चालली का संसार मांडायला? आईने लक्ष दिलं नाही. लग्नाकार्यात गावभर फिरून आलेली आपली पातेली ती नावावरूनच ओळखून काढायची. गाडीत बोचकं चढवताना मला म्हणाली, “नाव टाकलं का वस्तू घरी वापस येते.”

गाडी हलली तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोचक्याकडेच बघत होती असं मला वाटलं आणि भोकरदन येईपर्यंत मी तिच्यावर रुसून बसले.

पुण्यात आम्हा तिघींच्या खोलीत पाच किलोची गॅसची टाकी घेतली. सवयीप्रमाणे मी तिच्यावर पांढऱ्या रंगाने माझं नाव घातलं. तीन आठवड्यांनी गॅस संपला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रिकामी टाकी आत सरकवली आणि भलतीच टाकी पुढे ठेवली. माझी मला परत द्या म्हणून मी अडून बसले, तेव्हा मागची गिऱ्हाइकं हसायला लागली. टाकी बदलूनच मिळते हे मला खरंच माहीत नव्हतं, कारण घरी ते सगळं बाबा बघायचे. फोनवर आईला सांगितलं तर ती माझ्यावरच घसरली. “असं कसं देल्लं? आपलं नाव व्हतं ना त्याच्यावर.” पुढे दोन महिने ती विचारत होती, टाकी सापडली का म्हणून.

लग्नानंतर नितीनच्या नोकरीमुळे कॅनडात कॅलगरीला आलो. भांडी धाडलाच ठेवली आणि निघताना आईला शब्द दिला, दोन वर्षांत परत येते. त्याला आता बारा वर्षं झाली. मध्ये बाबा गेले. आई तिथेच धाडला दादा-वहिनींकडे असते. आणि यंदा आम्ही इथलं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. ते घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. हे आईला कसं सांगावं ते मला सुचत नव्हतं. फोनवर जमेना, म्हणून ती उन्हाळ्यात येईल तेव्हा समोर बसून सांगू, असं ठरवून मी वेळ काढत होते.

इथे उन्हाळा आला की माणसं तंबू घेऊन डोंगरात जातात. आम्हीही जातो. स्टोव्हसाठी प्रोपेन गॅसची टाकी लागते. ती संपली की दोन वाटा असतात. पेट्रोल पंपाबाहेर जाळीच्या कपाटात भरलेल्या टाक्या असतात, रिकामी द्यायची आणि भरलेली घ्यायची. नाहीतर भरून देणाऱ्याकडे जाऊन आपलीच टाकी भरून आणायची. माझ्या टाकीच्या कड्यावर पांढऱ्या रंगाने नाव आहे, मराठीत. त्यामुळे पंप पाच मिनिटांवर असूनही मी पाऊण तास गाडी हाकत भरून देणाऱ्याकडे जायची. नितीन म्हणायचा, देश बदलला, पण बाईसाहेबांना टाकी बदलवत नाही. मला हसू यायचं नाही.

आई आली. तिला डोंगर दाखवायला निघालो तो जोडून आलेल्या सुट्ट्यांचा शनिवार होता. टाकी रिकामी, आणि भरून देणाऱ्याच्या दाराला कुलूप. वाटेतल्या पंपावर जाळीचं कपाट होतं, पंपावरचा पोरगा त्याची किल्ली घेऊन आला. मी टाकी कवेत धरून त्याच्यासमोर उभी राहिले आणि नितीनला म्हणाले, राहू दे, दोन दिवस ब्रेड खाऊ. तेवढ्यात आई गाडीतून उतरली. पदर सावरत जवळ आली, वाकून कड्यावरचं नाव वाचलं.

“काऊन अडून बसली? दे ना त्याले.”

मी म्हटलं, तूच सांगितलं होतंस ना, नाव टाकलं की वस्तू घरी येते.

“तवा तू एकटी चालली व्हती. एखादी वस्तू गेली तर दुसरी कोन देनार व्हतं तुले? आता तसं हाय का?”

मी टाकी दिली. बदल्यात गंज धरलेली, कोणाच्या तरी पोराने माशाचं चित्र चिकटवलेली टाकी आली. डोंगरात पोचल्यावर आईने आधी साबणाचं पाणी करून टाकीच्या जोडावर लावलं, फुगे येतात का पाहिलं, धाडला बाबा करायचे अगदी तसं. मग चहा ठेवला. निळी ज्योत सरळ लागली.

चहा हातात आल्यावर मी पासपोर्टचं सांगून टाकलं. आईने चहा बशीत ओतला.

“मले वाटलंच व्हतं,” ती म्हणाली. “तुह्यं ताट म्या दादाच्या पोरीले काढून देल्लं. ती पुन्याले शिकाले चालली. म्हटलं दुसरं नाव टाकू का, तर म्हने आत्याचंच राहू दे.”

मला रडू आलं. आईलाही आलं. नितीन उगीचच तंबूच्या दोऱ्या ओढत राहिला. डोळे पुसून झाल्यावर आईने विचारलं की व्हिसा काढून यायचं म्हटलं तरी दिवाळीला येता येतं ना. येतं, म्हटलं. मग काय तर, म्हणाली, आणि पातेल्यात उरलेला चहा माझ्या कपात ओतला.

माशाची टाकी संपली तेव्हा मी एकटीच पंपावर जाऊन ती बदलून आणली. नव्या टाकीवर नाव घातलं नाही. पण घर कुठे आहे असं आता कोणी विचारलं तर मला सांगता येतं. धाडला आई आहे, इथे माझी चूल आहे, आणि पुण्यातल्या एका खोलीत माझ्या नावाच्या ताटात रोज कोणीतरी जेवतं.

काल भाचीने फोटो पाठवला. ताटात पिठलं-भाकरी, आणि कडेला झिजलेलं ‘कु. वर्षा’. खाली लिहिलं होतं, आत्या, ताट जपून वापरते.

मी लिहिलं, ताट हरवलं तरी चालेल. वेळेवर जेवत जा.