लपवलेलं खोरं

आईच्या छातीचे ठोके पहिल्यांदा चुकले ते उसाला पाणी देताना. बारामती आणि इंदापूरच्या मध्ये आमचं शेत. कालव्याची पाळी आली की दारं धरायची तीच, म्हणजे खोऱ्यानं एका सरीचं तोंड बुजवून पाणी दुसरीत वळवायचं. गार चिखलात उभं राहून हे काम तिनं वर्षानुवर्षं केलं होतं. मी रोज सायकलीवरून बारामतीला जाई, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो, आणि नाडी मोजता येते याची मला भारी मिजास. डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली. मी ती तीन महिन्यांची केली आणि खोरं माळ्यावर लपवलं.

पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. आई मात्र रोज डोकं उठवायची.

"खोंडाला गाडीला जुपायच्या आदी वंडका वडायला लावतोस न्हाय? मग मला का बांधून घातलंयस?"

"आई, तू खोंड न्हायस," मी वैतागून म्हणायचो.

पुढं पुढं भांडं पडलं तरी तिला धडधडायला लागलं. मी आणखी जपू लागलो, पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हातात देऊ लागलो. तितकी ती खचत गेली. शेवटी बैलगाडीतून बारामतीला नेली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर काय करतात या?"

"काहीच नाही. मी करूच देत नाही," मी ऐटीत सांगितलं.

"मग हृदयाला सवय कशाची राहणार? थोडा थोडा ताण रोज झेलला की ते एकदम बिथरत नाही. अंगणात चालवा, मग बांधापर्यंत."

आई माझ्याकडे बघत होती. दोन खोंडं मी स्वतः ओंडका ओढायला लावून शिकवली होती. मला राग आला, आणि तोही डॉक्टरांचाच आला, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

बांधापर्यंत पोचायला तिला दीड महिना लागला. पाळीच्या दिवशी मी खोरं तिच्या हातात दिलं. तिनं एक सरी वळवली आणि बांधावर बसली. मी नाडी धरली. ठोके सरळ होते, पण एका सरीतच तिच्या अंगातलं बळ संपलं होतं.

"आदीच दिलं असतंस," ती म्हणाली, "तर आज समदा ऊस भिजवला असता मी."

उरलेली दारं मी धरली. पाणी चार ठिकाणी फुटलं. ती बांधावरून बघत होती, आणि तिला उठता येत नव्हतं.